एकोणचाळीस आणि दहा

सिंदेवाहीत, बसस्टॉपच्या मागे, तांदूळ गिरणीला लागून
माझं दुकान: सात बाय नऊ.
कोंडा चहावर बसतो, तसा सोल्डरवरही.

डोमाजी गुरनुल्यांच्या बांध्या जंगलाला टेकून.
झटका मशीनची बॅटरी कुठवर आली
हे त्यांना घरी बसून कळायला हवं होतं,
बाकी काही नाही.

बॅटरी म्हणायला बाराची.
चार्जिंगला साडेचौदापर्यंत चढते,
उन्हाने डोकं फिरवलं तर सोळाही गाठेल.
आणि चिपचं तोंड तीन दशांश तीनचं.
त्यावर एक घोट गेला
की ती कायमची मुकी.

डबा उघडला.
नारिंगी पांढरा नारिंगी, एकोणचाळीस हजार.
तपकिरी काळा नारिंगी, दहा हजार.
एकाखाली एक जोडले,
वरचा बॅटरीला, खालचा ग्राउंडला,
मधल्या गाठीतून एक तार चिपकडे.
वरून सोळा उतरले तर गाठीशी सव्वातीन.
बसलं गणित.

मोनाली म्हणाली, ताई, दहापट मोठे लावू नं,
बॅटरी कमी गळेल.
पोरीचं चुकत नव्हतं.
पण चिपच्या पोटात एक इवली वाटी असते,
दर मोजणीला पापणीभर उघडते.
धार फार बारीक केली
तर वाटी अर्धीच भरते,
आणि चिप त्या अर्ध्यालाच पूर्ण धरते.
तिला म्हटलं, राहू दे एवढी गळती.
गाठीपाशी एकशेचारचा कपॅसिटर लाव,
दारात भरलेली घागर असावी, तसा.

बारा व्होल्टच्या खाली गेलं की मोबाईल वाजेल.
असं सांगून मशीन दिलं.

तेवीस दिवस बरे गेले.
मग पहाटे फोन:
‘काहून बाई, तुमची मशीन बारा दाखवते,
वाजली नाही का काही नाही,
अन् डुकरं तं आत होते!
दोन बांध्या लोरवून गेले.’

चौदा किलोमीटर, स्कूटीवर, मीटर पोटाशी.
पडद्यावर बारा दशांश चौदा.
बॅटरीच्या टोकांवर अकरा दशांश नऊ.
डोमाजी माझ्याकडे बघत होते,
मी पडद्याकडे.

दोन्ही रेझिस्टर काढले, एकेक मोजला.
वरचा अडतीस हजार चारशे.
खालचा दहा हजार शंभर.
सोनेरी पट्टा दोघांनाही, म्हणजे पाच टक्के
इकडे किंवा तिकडे जायची मुभा.
दोघंही मुभेत होते.
एक थोडा कमी, एक थोडा जास्त,
आणि दोघांचं मिळून पाव व्होल्ट.
मी रंग वाचले होते. मोजलं नव्हतं.

बाबा याच गिरणीत मापारी होते.
त्यांची एक पायली बुडाला चेपलेली,
कुणी तरी बैलगाडीतून पाडलेली.
मालक म्हणाला, फेका.
बाबांनी ठेवली.
दर पायलीला त्या चेपीमुळे
अर्धी मूठ कमी बसते, हे त्यांनी एकदा मोजलं,
मग आयुष्यभर अर्धी मूठ वर टाकत राहिले,
न बघता, बोलता बोलता.
आज वीस वर्षांनी ती मूठ आठवली
बांधावर, उकिडवं बसून.

रेझिस्टर तेच परत लावले.
लॅपटॉप मांडीवर घेतला, प्रोग्राम उघडला,
एकोणचाळीस हजार खोडून अडतीस हजार चारशे,
दहा हजारांच्या जागी दहा हजार शंभर.
मीटर अकरा दशांश नऊ,
पडदा अकरा दशांश नऊ.
आणि लगेच डोमाजींच्या खिशात
मोबाईल केकाटला.

ते दचकले. मग हसले.
‘आता खरं बोलन का नेहमी?’
या उन्हात बोलेल, मी म्हटलं.
थंडी पडली की पुन्हा येते मोजायला.

पैसे घेणार नव्हते, ते ऐकेनात.
पिशवीत पायलीभर तांदूळ ओतायला काढला,
मापाच्या काठावरून तळवा फिरवून सपाट केला,
क्षणभर थांबले,
आणि वर थोडी शीग केली.