खर्ज

आम्ही चौदा जण. काजूच्या कारखान्यातली नाताल,
पतपेढीचा कॅशिअर मी, दोन नर्सबाई,
आणि जाळी विणणारा सांतान, ज्याला नोटेशन येत नाही
पण एकदा ऐकलं की सोडत नाही.
तालीम वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या शेडमागे,
बोटी परतायच्या आत.

तालिनच्या दगडी चर्चमध्ये
उसने कोट, खिशात घशासाठी सोलं.
टाळ्या थांबल्या. पहिला सूर लावला
आणि सगळे एकदम घसरलो,
ओल्या धक्क्यावरून पाय जावा तसे.

रुजारमास्तर रागावले नाहीत.
पुन्हा पट्टी दिली.
शांतता अशी, की शेजारच्याचा आवंढा ऐकू यावा.
तेव्हा कळलं,
अकरा वर्षं आमच्याखाली कोण गात होतं.

त्याचा पासपोर्ट कोण काढणार?

सांतानने डोळे मिटले.
ओठ बंद ठेवून नुसता घुमू लागला,
अवसेच्या भरतीसारखा,
आणि त्यावर आम्ही एकेक करून उभे राहिलो.

नंतर एका म्हातारीने विचारलं, ते खालचं वाद्य कुठलं?
सांतान म्हणाला, "ह्यां? ह्यां आमच्या मागीलदारचां."
दुभाष्याने तिला भलतंच काहीतरी सांगितलं.
ती मान डोलवत बर्फात निघून गेली.