रिकाम्या गाडीचं वजन

भुसावळच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर
आम्ही तिघं परीक्षक.
कूलरमध्ये पाणी नव्हतं, नुसता वारा, तोही तापलेला.
टेबलावर भय, गूढ, विज्ञान: बासष्ट कथा,
शब्दमर्यादा दोन हजार.

पहिली आलेली कथा सगळ्यांना आवडली.
मलाही. खोटं कशाला बोलू?
माणूस उद्यातून परत येतो
आणि आपल्याच तेराव्याला पंगतीत बसतो.
एक धागा सुटलेला नाही,
शेवटच्या ओळीत कुलूप लागल्याचा आवाज.
दीपनगरचे झोपे साहेब म्हणाले, बांधणी बघा, बांधणी!
मी पन्नासपैकी त्रेचाळीस दिले.

आणि ती दुसरी.
सावद्याच्या रस्त्यावरचा वजनकाटा, रात्रपाळीचा पोरगा,
केळी उतरवून परतलेला ट्रक
दर गुरुवारी अकरा किलो जास्त भरतो.
'गाडी खालीच हे, भाऊ,' ड्रायव्हर म्हणतो.
पोरगा वाद घालत नाही.
वेगळ्या वहीत लिहितो: अकरा.
पुढच्या गुरुवारी: अकरा.
मग एका गुरुवारी साडेअकरा,
आणि तो वहीवर हात ठेवून हसतो,
कुणाचं बाळ अंग धरू लागलं की हसतात तसं.
संपली कथा.

कोण होतं ट्रकमध्ये? सांगितलंच नाही.
आणि शुद्धलेखन, देवा!
'वजन' तेवढं बरोबर.
धांडे मॅडम म्हणाल्या, ही तर अर्धीच आहे.
मी मान हलवली.
भाषा दोन, शेवट दोन,
नावीन्याच्या रकान्यात आठ,
तेवढेच काय ते चोरून दिले.
बेरीज एकोणीस. माझ्याच अक्षरात.
'झोप उडाली का' असा रकाना नव्हता.

पाकीट नंतर फोडलं:
निर्मला तायडे, मुक्काम निंभोरा.
उत्तेजनार्थसुद्धा नाही.

साहित्य परत मिळणार नाही, असा नियम.
रद्दीवाल्यानं गठ्ठा तोलला, आठ किलो दोनशे.
नऊ पानं मी आधीच काढून घेतली होती.
काट्याला काही कळलं नाही.

चार वर्षं झाली.
तेराव्याचा तो माणूस शेवटी जेवला की उठला,
आठवत नाही. ढाल तर मीच दिली होती हातात.

पण रावेरला जाताना
सावद्याच्या अलीकडे एसटी काट्यापाशी हळू होते,
आणि शेजारच्या रिकाम्या सीटवरची पिशवी
मी उचलून मांडीवर घेतो.