फरदड

पहाटे चारला लाइन येते तेव्हा
मी न्हाणीत, पायपाला आरसा टेकवून
हनुवटी वेचते.
सोळाव्या वर्षी दोनच होते. मोजले होते.
आता पहिला वेचा, दुसरा वेचा, मग फरदड,
शेत काही रिकामं होत नाही.

आईनं मसुराचं पीठ लावलं, हळद लावली,
कच्च्या पपईचा चीक लावला,
त्यानं गाल भाजला. आठ दिवस दुपट्टा.
पार्लरवाली दातात दोरा धरून म्हणाली,
"काहून वं, एवढे कसे काय?"
जसे मीच पेरले.

आर्वीच्या दवाखान्यात पेठकर मॅडमनी
हनुवटीकडे पाहिलंच नाही.
विचारलं, पाळी कधी आली होती?
पोळ्याला, म्हटलं.
तेव्हा संक्रांत होऊन गेली होती.

मग वर्धा. बाटलीभर पाणी पिऊन, लघवी दाबून
सोनोग्राफी. पडद्यावर काळे गोल गोल,
भिजत घातलेल्या वाटाण्यासारखे.
मॅडमनी पावतीच्या मागे काढून दाखवलं:
अंडं पिकत नाही, अडकून राहतं.
पुरुषाचं म्हणतात ते हार्मोन
बाईच्याही अंगात असतं, चिमूटभर.
तुझी चिमूट जरा मोठी पडली.
घराण्यातूनही येतं. घरात कोणाला होतं?

मी पंचफुला आत्याचं नाव घेतलं नाही.
गोठ्यामागे बसून
ती नवऱ्याच्या वस्तऱ्यानं दाढी करायची.
लोक म्हणायचे, बाहेरचं आहे. लिंबं उतरवली.
मूल नव्हतं, तेही तिच्याच माथी.

गोळी रात्री, जेवण झाल्यावर. मळमळतं.
रोज चालायचं. मी निंदायला जाते म्हटलं
तर मॅडम म्हणाल्या, ते मालकाचं. हे तुझं.
आलेले केस गोळीनं गळत नाहीत,
नवे बारीक येतात, सहा महिने तरी धर.
लेझर नागपूरला. भाव ऐकून आई म्हणाली,
"एवढ्यात म्हैस येते वं."

उठता उठता मॅडम म्हणाल्या,
दाढी केली की दाट येतात, हे खोटं आहे.
एवढं एक वाक्य
आत्याला नेऊन द्यायला हवं होतं.
तिला जाऊन तीन वर्षं झाली.

पाचवा महिना. पाळी चाळिसाव्या दिवशी आली.
हनुवटी अजून तशीच, थोडी तशीच.
काल इंगोल्याच्या दुकानात
मी दाढीचं पातं मागितलं.
"भावासाठी का?"
"नाही," म्हटलं, "माह्यासाठी."
त्यानं सुटे पैसे मोजायला
जरा जास्तच वेळ लावला.