सौम्य, पण

रत्नागिरीच्या सिव्हिलात फिल्म उजेडाला धरली
तेव्हा मीच आधी म्हटलं, हा तर जांभा.
मांडीचं हाड गुडघ्याशी जिथं रुंद होतं
तिथं भोकंच भोकं, मधे पापुद्र्याएवढ्या भिंती.
असला चिरा मी घराला लावत नाही.
बाजूला काढतो, फार तर गडग्याला देतो.

वय एकोणतीस. नाट्यातली निम्मी घरं
माझ्या ओळंब्याखालून गेलेली.
परांचीवरून उतरताना कळ यायची.
सुगंधा म्हणाली वात असेल,
दीड महिना करंजेल चोळलं.

आयेनं एकच शब्द आणला होता, पदराला गाठ मारून:
"कॅन्सर काय वो?"
इनामदार बाई म्हणाल्या, "नाही. सौम्य गाठ आहे."
आणि चष्मा पुसत राहिल्या.
त्या पुसण्यात "पण" होता.

सौम्य म्हणजे बाळाचा साबण.
सौम्य म्हणजे मास्तर, जे कान धरत नाहीत.
हे सौम्य हाड खातं,
खरवडून काढलं तरी त्याच जागी उगवू शकतं
आणि शंभरात दोघातिघांत
उठून छातीत बिऱ्हाड करतं.
बाईंनी हे शेवटचं हळू सांगितलं.
आयेला ऐकू कमी येतं, बरं झालं.

कोल्हापुरात हाडाला खिडकी पाडली,
आतलं कोरलं, भिंती यंत्रानं घासल्या,
फिनॉलनं जाळल्या
आणि पोकळीत सिमेंट भरलं.
मी विचारलं, किती घमेली?
सर्जन हसला नाही.
म्हणाला, आमचंही घट्ट होताना तापतं,
त्या तापानं राहिलेली एखादी पेशी मेली तर मेली.
मग पाणी किती दिवस मारायचं?
तेव्हा हसला.

वर्ष झालं. कुबडी माळ्यावर गेली.
छातीच्या फोटोत दोन ठिपके,
तांदळाच्या कण्या सांडाव्यात तसे.
सुईनं एक तुकडा काढून पाहिला:
गुडघ्यात होतं तेच. पत्ता फक्त बदललेला.

बाईंनी तेव्हा कागदावर काढून दाखवलं.
प्रत्येकाच्या हाडात मोडणारे असतात
आणि बांधणारे असतात, रोज काम चालू.
तुझ्यात मोडणारे एकमेकांत मिसळून राक्षस झाले,
एकेकाच्या पोटात पन्नास पन्नास डोळे.
पण चोर ते नव्हेत. ते हमाल.
मुकादम निराळा, बारका, साधा दिसणारा,
तो हाका मारतो म्हणून हे गोळा होतात.
इंजेक्शनानं ती हाक पोचत नाही.
"आणि मुकादम?"
"तो असतो," म्हणाल्या. "गप्प असतो."
मुकादम गप्प बसलेला मी अजून पाहिला नाही,
पण बोललो नाही.

आधी दाढ तपासून घेतली, कॅल्शियमच्या गोळ्या चालू.
पहिल्या महिन्यात आठवड्याला, मग दर अठ्ठावीस दिवसांनी
कोल्हापूरहून बाटली.
शरफुद्दीन जेटीवरून थर्माकोलची पेटी देतो,
कितीही धुतली तरी सुरमईचा वास.
बाटली बर्फाला टेकता कामा नये,
म्हणून मधे सुगंधाचा जुना परकर.
एस.टी.त पेटी मांडीवर. लोक विचारतात, काय भाव?
मी म्हणतो, विकून झाली.
औषधाची किंमत सांगितली असती
तर गाडी थांबली असती.

ठिपके वाढले नाहीत. गेलेही नाहीत.
"बघत राहू," बाई म्हणतात.
किती वर्षं, विचारलं तर पुन्हा चष्मा.

हल्ली मी वर चढत नाही,
खालचे थर लावतो, वरचे भाच्याला.
चिरा हातोडीच्या दांड्यानं वाजवून घेतो.
आधीही घ्यायचो, आता दोनदा.
रात्री सुगंधा छातीला कान लावते.
काय ऐकतेस विचारलं तर
"गप. मोजतंय."

पुढची तारीख नऊ.
नऊला होडेकरांचा चौथरा धरायचाय,
दहाला गेलो तर काय बिघडतं, म्हटलं.
तिनं नुसती पेटी धुऊन
उन्हात उपडी घातली.