अर्थिंग

मे महिना, ग्वाल्हेर, सेहेचाळीस अंश,
आणि शाल्मली म्हणते, "बाबा, परत गोठला."
या दिवसांत या गावात काही गोठतं
याचंच मला आधी नवल.

पाहिलं तर पडद्यावर तिची बाई
तलवार उगारून उभी, एक पाय हवेत.
मागे जळता किल्ला, ज्वाळाही थांबलेल्या.
आवाज एकाच अक्षरावर अडकून बसलेला,
जात्यात खडा यावा तसा
ढ ढ ढ ढ ढ.

नया बाजारातला दीपेंद्र म्हणाला, रॅम.
काढली. खोडरबरानं तिचे सोनेरी दात घासले,
दुसऱ्या खाचेत बसवली.
एक दिवस छान चालला.
मग म्हणाला, गरमी. झाकण उघडलं
तर आत वर्षभराचा उन्हाळा बसलेला:
पंख्याच्या पात्यांवर लोकर झालेली धूळ,
शाल्मलीचे लांब केस,
आणि शेवेचा एक तुकडा, तो कुणीच कबूल केला नाही.
फुंकलं, पुसलं, करडी पेस्ट लावली मटाराएवढी.
एक दिवस छान चालला.
ड्रायव्हर नवा टाकला, मग तोच काढून जुना टाकला.
एक दिवस.
शेवटी म्हणाला, काका, ग्राफिक कार्ड गेलं असणार,
चोवीस हजार,
आणि आकडा सांगून छताच्या पंख्याकडे बघत राहिला.

मी एकतीस वर्षं वीज मंडळात काढली.
गेम मला कळत नाही.
फॉल्ट कळतो.
फॉल्टला, काय झालं, असं विचारायचं नसतं.
किती वाजता, ते विचारायचं.

ड्यूटीची जुनी वही काढली, मागची पानं कोरी होती.
सोमवार, ७.४०.
मंगळवार, काही नाही, मध्यरात्रीपर्यंत खेळली.
बुधवार, ७.४१.
गुरुवार, काही नाही.
शुक्रवारी मी सात पस्तीसला खुर्ची ओढून
तिच्या मागे बसलो. ती म्हणाली, "बाबा, दडपण येतं."
७.४०. भिंतीपलीकडे तोमरांची टुल्लू मोटर गुरगुरली,
आमच्या ट्यूबनं एकदा डोळा मिचकावला,
तलवार हवेत राहिली.

जिन्सी नाल्यावर नळ दिवसाआड येतो.
पंधरा वर्षं ती ट्यूब डोळा मिचकावते आहे.
आम्हाला वाटलं, सवय आहे तिची.

मग कॅबिनेटला टेस्टर लावला. दिवा लागला.
चप्पल काढून, बोटांची मागची बाजू टेकवली:
झिणझिण, मुंग्या कोपरापर्यंत.
"हे कधीपासून?"
"ते तर रोजच येतं," शाल्मली म्हणाली,
"मला वाटलं, असंच असतं."

मी काही बोललो नाही.
मागच्या अंगणात पेरूखाली जाऊन बसलो.
अर्ध्या जिल्ह्याचे ट्रान्सफॉर्मर ज्यानं जमिनीला बांधले
त्याच्या घरची तार
गंजून, पाइपापासून वीतभर अलीकडे तुटून,
कोरड्या मातीत नुसतीच पडलेली.

खड्डा खणला. कोळसा, मीठ, कोळसा, मीठ.
नवा पाइप, नवी तार. बोर्डातली ढिली न्यूट्रलही आवळली.
मशीनला एक लहान स्टॅबिलायझर,
चोवीस हजारांपुढे काहीच नाही.
"अर्थिंग म्हणजे काय हो नक्की?" तिनं विचारलं.
म्हटलं, जास्तीचं जिथे निघून जातं, ती जागा.

आता दिवसाआड, नळ गेला की
भरलेल्या चार बादल्यांतली एक ती
पेरूखाली ओतते. माती ओली राहायला हवी.
तोमर गच्चीवरून ओरडले,
"बिटिया, क्या बोया है वहाँ?"
ती म्हणाली, "कम्प्यूटर, अंकल."

सोमवार, ७.४०, काही नाही.
बुधवार, काही नाही, मोटर चालू, ट्यूब स्थिर.
शुक्रवार, काही नाही. किल्ला जिंकल्याचं कळलं.

काल एकदा परत गोठला.
वेळ रात्री १.१२, नळ नाही, मोटर नाही, वारा पडलेला.
तिला वाटलं, मी झोपलोय.
नोंद केली आहे.