सहावा आकडा

अंबडच्या कारखान्यातून रौंदळचा फोन,
रात्री सव्वाअकराला:
"मॅडम, मी एकाला मार म्हणतो
आणि हे दुसऱ्यालाच मारतं."

भिंतीपलीकडच्या काकूंनी ऐकलं असतं
तर गंगापूर रोडला पोलीस आले असते.

साधन जुनं.
काळ्या पडद्यावर त्याचं नाव लिहायचं, पुढे क्रमांक,
की त्या क्रमांकाची प्रोसेस संपते.
आता कोणी वापरत नाही,
त्याच्याहून बरी तीन आली.
रौंदळ वापरतो,
कारण सोनगिरेसाहेबांनी त्याला हेच शिकवलं
आणि सोनगिरेसाहेब निवृत्तीनंतर फोन उचलत नाहीत.

कोड उघडला.
शेवटचा हात लागला तेव्हा मी सातवीत होते.
क्रमांकासाठी जागा पाच आकड्यांची,
शेजारी लिहिणाऱ्याची टीप: पाच पुरेत.
त्याच्या मशीनवर लाखापर्यंत मजल कधी जायची?
आता एक लाख चार हजार तीनशे ब्याऐंशीला मार म्हटलं
की हे शेवटचा दोन गिळतं
आणि दहा हजार चारशे अडतीसच्या दारात जाऊन म्हणतं, चल, ऊठ.
ते बिचारं
खोक्यांची लेबलं छापत बसलेलं.

खालच्या मजल्यावरचे गायधनी गुरुजी
रामकुंडावरून येताना वह्या कापडात बांधून आणतात.
घराणी, गावं, कोण कोणाचा मुलगा, कोण कधी येऊन गेला.
एकदा जिन्यात सांगत होते:
"नुसतं पिंपळगाव म्हणून चालत नाही हो.
बसवंत की बहुला की खांब, पुढचं विचारायचंच.
मी एकदा नाही विचारलं.
एकाचा आजोबा दुसऱ्याच्या पानावर गेला."
मग? खोडलात?
"वहीत खोडत नाहीत.
बाजूला बारीक लिहिलं, हे नाव इथलं नव्हे."

मी पाचाचे दहा केले.
एवढंच. एक ओळ.
जुनी टीप राहू दिली, खाली तारीख टाकली,
आणि दहा पुरेत असं काही लिहिलं नाही.

मग तपासायचं.
त्यासाठी सहा आकडी कोणीतरी हवं,
म्हणून हजारोंनी उगाच जन्माला घातल्या,
क्षणभरच्या, नुसत्या मोजणीला,
आणि लाखापुढची एक
जिला झोपण्यापलीकडे काम नाही.
तिचा क्रमांक लिहिला. बोट एंटरवर.
अडीच वाजले होते, चहावर साय धरलेली,
आणि का कोण जाणे
क्रमांक पुन्हा एकदा वाचला, मोठ्यानं,
शेवटच्या आकड्यापर्यंत.

सकाळी सातला रौंदळ, मागे शिफ्टचा भोंगा:
"मॅडम, मेलं."
कोणतं?
"तेच."
आणि लेबलं?
"छापतायत की."