बंपरखालची वायर

गाडी पठाणकोटहून आली, मधे दोन दलाल.
केबिनमधे कुठल्याशा देवीचं अर्धं स्टिकर
आणि बंपरखाली लोंबणारी काळी वायर,
टोकाला तीन पायांची पिन.
कशाची, ते वर्षभर कुणालाच कळलं नाही.
मी ती सुतळीनं बांधून टाकली,
चिखलात घासू नये म्हणून.

मग पौष आला.
परभणीकडं थंडी म्हणत नाहीत, हिव म्हणतात.
ते अंगावरून जात नाही,
हाडात मुक्कामाला उतरतं.
चेंबरमधलं ऑइल काकवीसारखं घट्ट,
सेल्फ मारला की इंजिन म्हाताऱ्यासारखं खाकरतं
आणि कूस बदलून झोपतं.

नबीलाल उस्तादांची रीत साधी:
पहाटे चारला घमेल्यात बाभळीचे इंगळ,
सरपटत जाऊन चेंबरखाली सरकवायचे
आणि तिथंच बाजूला उताणं पडायचं.
वर लोखंड, खाली डांबर,
मधे एक माणूस, एक बिडी.
"काकडा लावल्याबिगर कुणी जागं हुत नाही,
तुमचा देवबी नाही, माझं डिझेलबी नाही,"
असं म्हणायचे, टोपी सरळ करत.

पण हौद्यात असायच्या मानवतच्या कापसाच्या गाठी.
शंभर गाठींना एक ठिणगी पुरते.
डावी भुवई अशाच एका पहाटे गेली त्यांची,
पुन्हा उगवली नाही.
जळक्या ताडपत्रीचे पैसे शेठनं भाड्यातून कापले,
भुवईचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

झिरो फाट्याला सटवाजी वायरमन वाकला,
पिन फुंकली, निरखली, हसू लागला.
"आरं, हे गाडीचं गीझर हाय!
तिकडं बर्फात रातभर लावून ठेवतेत,
सकाळी इंजिन कोमट मिळतंय."
उस्ताद म्हणाले, "मंग गोधडीबी शिवा,
अन् पाजा हळदीचं दूध."

गिरजाबाईच्या धाब्यावर बाहेर प्लग एकच, फ्रिजचा.
"हिवात फ्रिज कशाला," म्हणाली, "काढ की.
वीस रुपये रातीचे. अन् गाडी भिताडाला लाव,
वायर पुरायची नाही."
त्या रात्री मला झोप नाही.
दोनदा उठलो, बॉनेट उघडलं,
ब्लॉकला तळहात लावला.
दुसऱ्या खेपेला ऊब होती,
तापातून उठलेल्या पोराच्या कपाळाएवढी.

पहाटे रांगेत सहा गाड्या,
पाचांच्या पोटाखाली जाळ.
आमची अर्ध्या सेल्फवर उठली,
धूर नाही, खाकरणं नाही.
उस्ताद काहीच बोलले नाहीत.
चहाचा ग्लास घेऊन आले,
रेडिएटरच्या जाळीला पाठ लावून उभे राहिले
आणि बऱ्याच वेळानं विचारलं,
"ही पिन माझ्या गुडघ्याला बसंल का रं?"

आठ दिवस चाललं.
मग फिडर बदलला.
आता रात्री बारापासून लाईट फक्त शेताच्या लाईनीला,
पलीकडं गव्हात मोटारी घुमतात,
बॅटरीचे उजेड बांधाबांधानं सरकतात,
कुणीतरी गुडघाभर पाण्यात दारं धरून
आमच्यासारखंच कुडकुडत असतं,
आणि धाबा अंधारात.

उस्ताद आता गाडीवर नाहीत,
सेलूला लेकीकडं असतात.
आज पहाटे चारला मीच सरपटत गेलो,
घमेलं पुढं, कोपर डांबरावर.
इंगळांवर राख धरली होती, फुंकली.
वासरू सुटून गेलेल्या दाव्यासारखी
वायर तोंडाजवळ लोंबत होती.
एका हातानं ती बाजूला धरली, जळू नये म्हणून,
दुसरा भुवईवर ठेवला.